दोघांना चालेल असं नाव

माझ्या भावानं बाळाचं नाव बाळ व्हायच्या दोन महिने आधीच ठरवून टाकलं. मुलगा झाला तरी तेच, मुलगी झाली तरी तेच. बाबा ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहतात, तिथे आम्ही महिन्यातून एका रविवारी जेवायला जमतो. भावजयीला नुकताच आठवा लागलेला. बाबांनी वरणभातावर तूप वाढून घेतलं आणि तेवढ्यात भाऊ म्हणाला की आमचं नाव फायनल झालंय.

नाव ऐकून बाबांचा घास हातातच राहिला. तीन अक्षरांचं, मराठीच, आभाळाशी संबंध असलेलं, कानाला गोड. वाईट काहीच नव्हतं त्यात. फक्त ते ऐकलं की डोळ्यांसमोर ना मुलगा उभा राहत होता ना मुलगी. बाबांनी विचारलं, हे मुलाचं की मुलीचं? भाऊ म्हणाला, दोघांचं. सोनोग्राफीवाले सांगत नाहीत, सांगूही नये, मग पोटातल्या माणसाला आम्ही नऊ महिने नुसतं ‘ते’ म्हणत बसायचं का? त्या दोघांनी त्या नावानं हाका मारायला सुरुवातसुद्धा केलेली. भावजय म्हणे ऑफिसात जिना चढताना पोटावर हात ठेवून त्याला मजले मोजून दाखवायची.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. कुणाचंच लिहिणार नाही. एकोणीस वर्षं मी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांची नावं लिहिते आहे. एकदा तरी आपल्या माणसांबद्दल नावांशिवाय लिहून बघावं असं फार दिवस मनात होतं.

शाळेत मी क्लार्क आहे. माझ्या टेबलावर जे जाडजूड जनरल रजिस्टर असतं, त्यात मुलाचं नाव एकदा चढलं की दहावीनंतर दाखल्यावर तेच उतरतं. खोडाखोड चालत नाही. म्हणून मी प्रत्येक नाव पालकांना तीनदा वाचून दाखवते, आणि तीनदा वाचलं की माणसाला त्या नावाबद्दल मत हे होतंच. मला तर न वाचताही होतं. मी कामाला लागले तेव्हा एकेका वर्गात एकाच नावाची चार-पाच मुलं असायची. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा एका हाकेला पाच ‘हजर’ यायचे, आणि शेवटी पाचांनाही आडनावानंच हाक मारायची पद्धत पडायची. आता उलटं झालंय. आता प्रत्येकाला असं नाव हवं की जे अख्ख्या डोंबिवलीत दुसऱ्या कुणाचं नसेल. पालक काउंटरवर फॉर्म सरकवतात आणि मी काही विचारायच्या आत अभिमानानं सांगतात, मॅडम, युनिक आहे. मी अर्थ विचारते. फॉर्मवर अर्थाचा रकाना नाही, ही माझी खाजगी खोड. निम्म्या नावांचा अर्थ विष्णू निघतो आणि उरलेल्या निम्म्यांचा पहाटेचा पहिला प्रकाश. काही नावं तर औषधाच्या बाटलीवर जास्त शोभली असती, जेवणानंतर दोन चमचे वगैरे. एका आईनं स्वतःच्या आणि नवऱ्याच्या नावातली अक्षरं काढून एक नाव जुळवलेलं. अर्थ विचारला तर म्हणाली, अर्थ काही नाही, आमच्या दोघांचं आहे एवढंच. एकोणीस वर्षांत मला मिळालेलं ते सगळ्यात सरळ उत्तर. ते नाव मी फार सुबक अक्षरात लिहिलं.

नावाबद्दल माझा स्वतःचा एकच नियम आहे. नाव हे हाक मारायला असतं. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली सायकल फिरवणाऱ्या पोराला एका दमात हाक मारता आली पाहिजे. ज्या नावात मध्येच जीभ अडखळते, त्या पोराची आई शेवटी त्याला पिंट्या म्हणते. कोपरला आमच्या घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहून भावानं ठरवलेलं नाव हळूच म्हणून बघितलं. मग जरा मोठ्यानं म्हटलं. खालच्या वॉचमननं वर बघितलं. नाव पास झालं होतं. पण माझा विरोध त्या कारणासाठी नव्हताच, आणि तो मी जेवतानाच सांगून मोकळी झाले होते.

मी तशी फटकळ आहे. पोटात ठेवून घरी नेणं मला जमत नाही. मी ताटावरूनच म्हटलं, “हे नाव ठेवू नका. मुलगी झाली तर एक दिवस ते तिच्याकडून काढून घेतील.”

हे मी कशावरून म्हणाले ते घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कुणी कधी बोललं नव्हतं. मलाही असंच दोघांना चालणारं नाव होतं. आमच्या आधीच्या पिढीत ते बायकांनाही असायचं आणि पुरुषांनाही. तुमच्याही ओळखीत त्या नावाचे एक काका आणि एक मावशी नक्की असतील. लग्न ठरलं, तर नवरा नेमका त्याच नावाचा निघाला. स्थळ बघताना सगळ्यांना त्याची गंमत वाटली, मलाही वाटली. मैत्रिणींनी चिडवून चिडवून हैराण केलं. पत्रिका छापायला दिली तर छापखान्यातून दोनदा फोन आला की वराच्या आणि वधूच्या जागी एकच नाव पडलंय, यातलं कुठलं बदलू? कुठलं बदलू असं विचारणारा तो एकटाच माणूस. सासरी तो प्रश्न कुणाला पडला नाही. एका घरात एका नावाची दोन माणसं, हाक एकाला मारली की धावत दोघं येणार, असं सासूबाई हसत हसत म्हणाल्या, आणि गृहप्रवेशाला ताटात तांदूळ पसरले. नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. सासूबाईंनीच निवडलेलं, लक्ष्मीचं, चांगलं ठसठशीत. सासूबाई वाईट नव्हत्या. मला त्यांनी पुढे लेकीसारखंच वागवलं. फक्त त्या वेळी मी पोचवायला सोबत आलेल्या बाबांकडे बघितलं होतं, की हे तरी काही बोलतील. बाबा म्हणाले, नावच तर आहे, त्यात काय एवढं.

तांदळातलं नाव ताट हलवलं की मोडतं. पण बाबा आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केलेले. दोन नावांनी पुढे घोळ होतात म्हणून त्यांनी राजपत्रात नावबदलाचा फॉर्म भरायला लावला. अक्षर चांगलं म्हणून तो मीच भरला. जुनं नाव, नवं नाव, कारण: विवाह. राजपत्रात छापून आलं त्या दिवसापासून बाबा मला नव्या नावानं हाक मारायला लागले. सरकारी कागदावर आहे ते खरं, असा त्यांचा स्वभाव. भावाची मी आधीपासून ताईच. नवऱ्याची तर वेगळीच अडचण. जुन्या नावानं हाक मारली तर स्वतःलाच हाक मारल्यासारखं वाटतं, आणि नवं त्याच्या तोंडात कधी बसलंच नाही. त्यामुळे तो इतकी वर्षं मला ‘अगं’ म्हणतो. आई तेवढी शेवटपर्यंत जुन्या नावानंच बोलवायची. ती जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे सहा वर्षांत ते नाव कुणी उच्चारलेलं नाही, निदान मला उद्देशून तरी नाही. घरात ऐकू येतं ते नवऱ्याचं.

हे सगळं मी त्या दिवशी जेवताना बोलले, आमटी गार होईपर्यंत बोलले. भावानं ऐकून घेतलं आणि मग माझंच एक जुनं प्रकरण माझ्या अंगावर टाकलं. मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पाचवीत एक नवी मुलगी आलेली, तिचं नावही असंच दोघांना चालणारं. आमच्याकडे हजेरीपटात आधी मुलं आणि मग मुली असा क्रम असतो. मी घाईत फॉर्म नीट न बघता तिला मुलांत टाकलं. पुढच्याच आठवड्यात पीटीच्या सरांनी शाळेच्या दहीहंडीसाठी त्या यादीतून वजनानं हलकी अशी मुलं निवडली. नाव पुकारल्यावर ही पुढे आली. सर म्हणाले, अगं तू मुलगी. तर ती म्हणाली, पण सर, यादीत माझं नाव आहे, ऑफिसनं दिलंय. सर यादी नाचवत माझ्या टेबलाशी आले. मुख्याध्यापिका बाईंनी यादी बघितली, खाली स्वतःची सही बघितली आणि म्हणाल्या, आता यादीत आहे तर चढू दे. ती तिसऱ्या थरावर चढली आणि पहिल्याच फटक्यात तिनं हंडी फोडली. दह्यानं माखलेली खाली उतरली ती थेट माझ्या खिडकीशी येऊन थँक्यू म्हणून गेली. पुढच्या वर्षी वर्गातल्या निम्म्या मुलींनी हंडीला नावं दिली. ही गोष्ट मी घरी दर गोकुळाष्टमीला रंगवून सांगत आलेय, त्यामुळे भावाला तोंडपाठ होती. तो म्हणाला, ताई, ते नाव सरळसरळ मुलीचं असतं तर ती पोरगी खाली टाळ्या वाजवत बसली असती.

मी त्यावर काहीतरी बोलणारच होते. पण भावजय, जी एवढा वेळ कोशिंबीर चिवडत होती, ती म्हणाली, “ताई, उद्या कोणी मागायला आलं तर आपण द्यायचं कशाला?” ते तिनं भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. खरंच कळत नाही तसं विचारलं. मी उठून ताटं उचलली.

मुलगा झाला. कल्याणच्या हॉस्पिटलमधून दुपारी भावाचा फोन आला तेव्हा मी दाखल्यांवर शिक्के मारत होते. मी शिक्का तसाच टेबलावर आपटला आणि उभ्या उभ्या नाचले. माझं वय आणि माझं वजन बघता ते ऑफिसातल्या लोकांच्या बरेच दिवस लक्षात राहील. शिपाईमामांना पेढे आणायला पिटाळलं. खरं सांगते, त्या आनंदात एक सुटकेचा श्वासही होता. मुलगा आहे, म्हणजे त्याच्या नावाला कोणी हात लावणार नाही. राहू दे मग तेच नाव. माझा विरोध संपला.

पेढे वाटून परत आले आणि फोन उघडला, तर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेजचा ढीग. आधी अभिनंदन, मग फेटा घातलेल्या बाळांची चित्रं, आणि त्याच्याखाली लगेच सुरू झालेलं की आता ते आधी ठरवलेलं नाव नको हां. मुलगी असती तर मॉडर्न वाटलं असतं, मुलाला बायकी वाटेल. शाळेत चिडवतील. मुलाच्या नावात कसा दम पाहिजे. कुणी तर यादीच टाकलेली, सगळी नावं राजांची, सेनापतींची, गडकिल्ल्यांची. आणि या सगळ्यांत मधोमध बाबांचा अंगठा.

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की हातातला पेढा मी खाल्लाच नाही. मुलीनं मुलासारखं नाव घेतलं तर तिची बढती, मुलानं मुलीला चालेल असं घेतलं तर त्याची घसरण, असा यांचा हिशोब. मग माझं नाव गेलं ते का, हेही मला त्या क्षणी लख्ख कळलं. एका नावाचे दोघं असले तर नाव कुणाचं राहायचं, हे पत्रिका छापायच्या आधीच ठरलेलं होतं. छापखान्यातल्या बिचाऱ्याला तेवढं ठाऊक नव्हतं. मी ग्रुपवर लिहिलं की नाव आईबाप ठेवतील, तुम्ही आपापल्या नातवंडांची बघा. दोन मावश्या आणि एक आत्तेभाऊ ग्रुप सोडून गेले. परत आले, पण चार दिवसांनी.

बारसं भावजयीच्या माहेरी, खडवलीला करायचं ठरलं. बाराव्या दिवशी आठवड्याचा मधला वार येत होता, म्हणून त्यानंतरच्या रविवारी. त्याआधी गुरुवारी बाबांनी मला शाळा सुटल्यावर ठाण्याला बोलावलं. एकटीलाच. चहा त्यांनी स्वतः केला, म्हणजे मामला गंभीर होता. मग खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक नाव, इतिहासातलं, तलवार उपसल्यासारखं, आणि खाली तारीख. बाबा किराणाच्या यादीलाही तारीख टाकतात.

ते म्हणाले की पाळण्याशी आत्या कानात जे सांगते ते पक्कं. तू हे सांग. तुझा भाऊ तुला उलटून बोलणार नाही, लहानपणापासून बोललेला नाही. हे खरं होतं. मी सांगितलं असतं तर भावानं चारचौघांत मान खाली घालून ते घेतलं असतं आणि नंतर मला कधी विचारलंही नसतं. आणि माझ्यासमोर चहाचा कप धरून बसलेले बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आई गेल्यापासून त्यांनी आमच्याकडे काही म्हणता काही मागितलेलं नव्हतं. हे पहिलंच.

मी चिठ्ठी उचलली नाही. मी म्हटलं, “माझ्या वेळी तुम्ही म्हणालेलात, नावच तर आहे. मग याच्या वेळी एवढं काय आहे त्यात, बाबा?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. आईनं मला एकदा सांगितलेलं तेही मी बोलून टाकलं. मी व्हायच्या आधी बाबांनी माझं नाव ठरवून ठेवलेलं होतं, मुलगा होवो की मुलगी, आपण हेच ठेवायचं म्हणून. आईच्या पोटाशी बसून ते त्या नावाशी गप्पा मारायचे म्हणे. म्हणजे भावानं काही नवीन केलेलं नव्हतं. बाबांचंच उचललेलं, त्याला माहीत नसताना.

खाली नाक्यावर कुणीतरी टेम्पोतून मांडवाचे बांबू उतरवत होतं, त्याचा खडखडाट वर येत होता. शेवटी बाबा एवढंच म्हणाले की चिठ्ठी तुझ्याकडे ठेव, तुला योग्य वाटेल ते कर. त्यांनी चिठ्ठी फाडली असती किंवा माझ्यावर ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मी ती पर्समध्ये टाकली आणि घरी आले. पुढचे तीन दिवस ती पर्समध्ये आहे हे मला भाजी घेतानाही आठवत होतं.

रविवारी आम्ही आमच्या गाडीतून निघालो. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी, आणि मागे बाबा, मांडीवर बाळाच्या अंगड्या-टोपड्यांची पिशवी घेऊन. कल्याण सोडून रस्ता मोकळा झाला तशी नवऱ्यानं गाण्यांचा आवाज कमी केला. गाडीत विषय निघालेला नव्हता, पण चिठ्ठीचं मी त्याला सांगितलेलं. तो आरशात न बघता सरळ रस्त्याकडे बघत म्हणाला की माझंही नाव दोघांना चालणारंच आहे, पण पन्नास वर्षांत मला कुणी बायकी म्हटलं नाही. मग जरा थांबून म्हणाला, “अगं, तुझं नाव मी मागितलं नव्हतं. पण तू दिलंस तेव्हा नकोही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.”

लग्नाला अठरा वर्षं झाली आमच्या, आणि हे तो जकातनाक्यासारख्या ठिकाणी, गिअर बदलता बदलता बोलला. मला रडू आलं आणि हसूही. मी म्हटलं, गाडीकडे लक्ष द्या. मागे बाबा पिशवीची नाडी सोडत आणि बांधत बसले होते. त्यांनी ऐकलं नसेल असं होऊच शकत नव्हतं.

खडवलीला पोचलो तर अंगणात निळा कापडी मांडव, मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि खुर्च्यांवर बसायला कुणीच तयार नाही, सगळ्या बाया पाळण्याभोवती. पाळणा झेंडूनं इतका मढवलेला की आत बाळ आहे की नाही ते वाकून बघावं लागत होतं. घुगऱ्यांचं पातेलं चुलीवरून नुकतंच उतरवलेलं, वाफ निघत होती. भावजयीच्या आईनं माझ्या पायावर पाणी घातलं, ओटी भरली आणि माझा हात धरून थेट पाळण्याशी नेऊन उभं केलं. नावाचा घोळ तिच्याही कानावर होता. ती म्हणाली, आमी काय, पोराला बाबू म्हनू, सोन्या म्हनू. नाव तुमी शानी मानसं ठरवा, पन ठरवा बिगी, बाया उपाशी हायेत.

भाऊ पाळण्याच्या दोरीशी उभा होता. त्याला चिठ्ठीबद्दल काही माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसला, लहानपणी मी शाळेत न्यायला जायचे तेव्हा फाटकातून हसायचा तसा, पूर्ण भरवसा टाकून. त्याच्या मागे दोन पावलांवर बाबा. ते हसत नव्हते, पण त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. पर्स माझ्या काखेत होती.

बायांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून आणि खालून या हातातून त्या हातात फिरला. मग भावजयीनं रडणाऱ्या बाळाला माझ्या हातात दिलं आणि मागे बायांनी हात सैल केले, कारण आत्या कानात नाव सांगायला वाकली की तिच्या पाठीत धपाटे घालायचा मान बाकीच्यांचा. खडवलीच्या बायांचे हात शेतात आणि विहिरीवर तयार झालेले. मला आधीच सांगायला हवं होतं कुणीतरी.

मी बाळाला पाळण्यात ठेवलं आणि वाकले. त्याच्या कानाला तेलाचा आणि दुधाचा वास येत होता. कान इतका लहान की त्यात नाव मावेल की नाही असं वाटलं. मी कुर्र केलं आणि त्याच्या आईबापानं ठरवलेलं नाव त्याला सांगितलं, तेच तीन अक्षरांचं, आभाळातलं. त्यानं ते दोन महिने पोटातून ऐकलेलं होतं. त्याला ओळखीचं वाटलं असावं, कारण तो रडायचा थांबला. आणि मागून धपाटे सुरू झाले. एक, दोन, मग मोजायची सोय राहिली नाही. खरं तर नाव सांगून झालं की आत्यानं पटकन उठायचं असतं, म्हणजे मार वाचतो. मी उठले नाही. मला वाटलं, इतक्या नव्या माणसाला त्याचं नाव सांगणारी कोण, हेही त्याला कळायला हवं. मी धपाटे खात तशीच वाकून राहिले आणि त्याला माझं नाव सांगितलं. पहिलं, आई हाक मारायची ते. म्हटलं, मी तुझी आत्या, आणि मला या नावानं हाक मारायची. कुणी काही सांगितलं तरी.

उठले तेव्हा पाठ भरून आली होती आणि केस विस्कटलेले. मी बाळाचं नाव मोठ्यानं सांगितलं. मांडवात टाळ्या झाल्या. भाऊ दोरी सोडून पुढे आला आणि त्यानं मला मिठी मारली. भावजय हसत होती आणि डोळे पुसत होती. नवऱ्यानं फोटो काढला, त्यात माझा एक डोळा मिटलेला आहे. भावजयीची आई म्हणाली की इतका मार खानारी आत्या मी पयल्यांदा बगितली.

बाबा गर्दीतून वाट काढत पाळण्याशी आले. वाकून बाळाकडे बघितलं आणि त्याचं नाव एकदा म्हणून बघितलं, सावकाश, कागदावरून वाचावं तसं. मग दुसऱ्यांदा म्हणाले, ते नुसतं आजोबांनी नातवाला म्हणावं तसं. मी पर्समधून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न उघडता खिशात ठेवली आणि विचारलं की कानात इतका वेळ काय सांगत होतीस. मी म्हटलं, ओळख करून देत होते.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जिथे सगळ्यात जास्त झोंबत होतं तिथेच. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा माझं पहिलं नाव घेऊन म्हणाले, “फार लागलं का गं?”